बंदरासमोरची खोली

माझा धाकटा भाऊ मालवाहू जहाजावर खलाशी होता. सेनगाव तालुक्यातल्या साखऱ्याचा पोरगा समुद्रावर नोकरी करतो, याचं गावाला मोठं अप्रूप. नव्वदच्या दशकातल्या एका उन्हाळ्यात गावातल्या किराणा दुकानातल्या फोनवर कंपनीचा निरोप आला. तो जहाजावरून पाण्यात पडला होता, शोध सुरू होता, घरच्यांनी मुंबईला यावं.

वडील आधीच वारलेले. मी औंढ्याला सासरी होते. आईला घेऊन मीच निघाले.

कंपनीने आमची सोय बंदरासमोरच्या एका मोठ्या हॉटेलात केली होती. सामान घेऊन आलेल्या माणसाने पडदा सरकवला आणि कौतुकाने म्हणाला, "इथून सगळं बंदर दिसतं. लोक हीच खोली मागून घेतात."

आईने समुद्र पहिल्यांदाच पाहिला. ती काचेपाशी जाऊन उभी राहिली. मग म्हणाली, "एवढ्या पाण्यात कसं सापडंल गं माझं लेकरू?"

त्या खोलीत ती पलंगावर टेकलीच नाही. गादी फार मऊ म्हणून खाली सतरंजी टाकून बसायची, बरोबर आणलेली भाकरी पाण्याचा हात लावून खायची. एखादं जहाज आत येताना दिसलं की उठून काचेपाशी जायची. काच उघडत नव्हती. खाली लोक फोटो काढायचे, लेकरं फुगे घेऊन पळायची. मला त्या सगळ्यांचा राग यायचा.

काही दिवसांनी कंपनीचा साहेब आला. शोध थांबवल्याचं त्याने हळू आवाजात सांगितलं. आईने त्याला बसायला सांगितलं, पाणी दिलं. रडली ती तो गेल्यावर.

दुसऱ्या दिवशी दुपारी भावाचा सोबती भेटायला आला. रत्नागिरीकडचा मुसलमान पोरगा, त्याच्याच जहाजावरचा. भावाची पेटी त्याने स्वतः उचलून आणली होती. दारातच तो आईच्या पाया पडला. आईने त्याला जवळ बसवलं, त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. मग विचारलं, "बाबा, एक खरं सांग. त्याला पोहणं चांगलं येत व्हतं. आमच्या विहिरीत दिसदिस पोहायचा. मंग तो त्या पाण्यात किती येळ पोहत राहिला असंल?"

तोवर हे माझ्या मनातही आलं नव्हतं. मला तिथे बसवेना.

तो पोरगा खाली बघत होता. मग त्याने मान वर केली. "मावशी, तो पोहलाच नाही. पडताना डोकं कठड्यावर आपटलं. शुद्ध तिथंच गेली. त्याला काही कळलं नाही."

"तकलीफ न्हाई झाली?"

"नाही मावशी."

आईने मोठा श्वास सोडला. त्या दिवशी ती पोटभर जेवली.

मी त्याला लिफ्टपर्यंत सोडायला गेले. "दादा, तुम्ही पाहिलं होतं ना?" मी विचारलं.

त्याचे डोळे भरून आले. "ताई, कोणीच पाहिलं नाही. मी खाली झोपलो होतो. सकाळी हजेरीला तो नव्हता, तेव्हा कळलं."

लिफ्ट आली, गेली. आम्ही दोघं तिथेच उभे होतो. "मावशींना सांगू नका," एवढंच तो म्हणाला. मी हात जोडले.

गावी आल्यावर, देह नव्हता म्हणून, कुशाच्या गवताचा पुतळा करून भावाला अग्नी दिला. बाया भेटायला यायच्या आणि काय झालं ते विचारायच्या. आई प्रत्येकीला सांगायची, "डोक्याला लागलं माय, त्याला काहीच कळलं न्हाई. त्याच्या सोबत्यानं सांगितलं." पुढे जगली तितकी वर्षं ती हेच सांगत राहिली. सांगून झालं की माझ्याकडे बघायची, "व्हय ना गं?" म्हणायची.

"व्हय माय," मी म्हणायचे.