सीतेची वेणी आणि जाऊबाईंची कवळी

लिहिण्यात चुका असतील, त्या माफ कराव्या. ऱ्हस्व-दीर्घ चौथीपर्यंत जेवढं आलं तेवढंच येतं, आणि खुरपं धरून धरून अक्षर बिघडलं आहे. ही वही कोणाला दाखवायची नाही, तरी सांगून ठेवते. झाडाबद्दल जे लिहीन त्यात मात्र चूक नसेल.

मी नर्सरीत निंदायला जाते. तिथल्या मालकांनी सीतेच्या वेणीची छोटी रोपं आणली होती. ऐन उन्हाळ्यात हिच्या पानांतून लांब घोस खाली सुटतो. पांढरी फुलं, त्यांवर जांभळे ठिपके, गच्च गुंफल्यासारखी. पण रोपं सुकू लागली, तेव्हा नागपुरात हे जगत नाही म्हणून मालक सगळी स्वस्तात काढायला निघाले. पाण्याच्या टाकीच्या ओल्या भिंतीजवळची रोपं ताजी आहेत, हे मी रोज पाहत होते. मला ती सगळी हवी होती.

पैसे होते फक्त शेजारच्या खोलीत, मोठ्या जाऊबाईंकडे. त्यांचे पुढचे दात गेले होते आणि कवळीसाठी त्यांनी पैसे जमवले होते. मागायला गेले आणि त्यांची मेथी निवडत बसले. जुडी संपली तेव्हा काय हवं ते त्यांनीच विचारून घेतलं. मग पैसे काढून दिले.

"कवळी थांबंल वं. पण झाडं मेली तं जन्मभर मले भाकर चुरून तूच देजो."

या झाडाला माती लागत नाही. जन्म काळ्या मातीत गेलेल्या मला तेही नवलच वाटलं. आंब्याच्या खडबडीत लाकडावर जुन्या सुती लुगड्याच्या चिंध्यांनी रोपं बांधली आणि मुळं उघडीच ठेवली. मुळं कोरडी असली की चांदीसारखी दिसतात, भिजली की हिरवी होतात. पाणी सकाळी द्यायचं आणि मुळं परत पांढरी होऊ द्यायची. पानांच्या बेचक्यात पाणी साचलं तर झाड आतून सडतं.

उन्हाळ्यासाठी जागा मी आधीच हेरली होती. आमचा कूलर समोरच्या खिडकीत आहे. त्याची हवा घरातून फिरून मागच्या दारानं पडवीत निघते. तिथं पोचेपर्यंत तिचा जोर ओसरतो, ओल मात्र राहते. पडवीत तार बांधून सगळी झाडं टांगली आणि ती टवटवीत राहिली.

चूक पाण्यात झाली. मे महिन्यात आमच्याकडे पाणी कोणी फेकत नाही, म्हणून कूलरच्या टाकीत उरलेलं मी झाडांना घालायची. मुळांची टोकं काळी पडली, लाकडावर पांढरी भुकटी आली. तशीच भुकटी कूलरच्या गवतावर होती. तेव्हा समजलं, पाणी हवेत उडतं आणि खार मागे राहतो. तोच मी रोज पाजत होते. काही झाडं गेली. त्या दिवशी जाऊबाईंनी भाकर स्वतःच दुधात कुस्करली. मला चुरायला लावली असती तर बरं झालं असतं.

गल्लीतल्या दवाखान्याच्या एसीच्या नळीतून बिनखाराचं पाणी ठिबकत असतं. मागायला गेले आणि दारातून परत आले. परत गेले, तेव्हा कंपाउंडरच्या चपलांकडे पाहत विचारलं. तो म्हणाला, न्या की बाई, इथं नुसता चिखल होतो. त्या पाण्यानं मुळं धुतली. पावसाळ्यात त्यांना नवी हिरवी टोकं फुटली.

घोस सुटायला आणखी दोन उन्हाळे गेले. फुललेली झाडं विकायला समोरच्या दारात टांगली. जाऊबाई खाली खाट टाकून बसायच्या, मी आत. एका बाईनं थांबून विचारलं, पाणी कसं द्यायचं? जाऊबाई मोठ्यानं म्हणाल्या, "दोन टाइम भदाभदा. अन् बुडाशी शेणखत."

मी कणकेच्या हातानं बाहेर धावले. त्या अनोळखी बाईला सगळं सांगितलं, मुळांचे रंग, बेचकं, खारं पाणी, कोवळं ऊन. मध्ये थांबले नाही. तिनं दोन झाडं घेतली.

ती गेल्यावर मी म्हटलं, "बाई, असं काय सांगता?"

"मले का माहीत नाही? रोज तं पाहून राहिली. तू बाहेर येत नव्हती."

तेव्हापासून दारात मीच बसते. झाडाचं विचारलं की मला लाज वाटत नाही, दुसरं काही विचारलं की अजून वाटते.

झाड विकलं की पैसे जाऊबाईंना नेऊन द्यायची. त्या ते तांदळाच्या डब्यात टाकायच्या. आता कवळी करा म्हटलं तर म्हणायच्या, अर्ध्या पैशात अर्धी कवळी कोणी देते का? पुरे होऊ दे.

या पावसाच्या तोंडाशी द्यायचे उरलेले पैसे दिले. त्यांनी मोजले नाहीत. डबा उघडून सगळे बाहेर काढले, पदरात बांधले आणि म्हणाल्या, "चाल, लुगडं बदल. भुट्टे निघाच्या आधी दात पाहिजे मले."

त्यांचे पैसे पूर्ण फिटले.