सिस्टमला पाणी मारणारी संजीवनी

संजीवनीच्या हातात कुठलीही वस्तू आली की ती आधी अंगठ्याने दाबून पाहते. पावाचा पुडा, साबणाची वडी, माझ्या दुकानातलं नवं अस्तर, काहीही. तिच्या नवऱ्याने, गोविंदाने, खामगावहून जुना कॉम्प्युटर आणला तेव्हा तिने त्याचा डबासुद्धा चारी बाजूंनी दाबून पाहिला होता.

"अवं, वांगं नाई ते," गोविंदा म्हणाला.

"मले दिसते. पन आतून नरम तं नाई ना, एवढं पायते."

माझं नाव योगिनी. अमडापूरच्या बसस्टँडजवळ माझं ब्लाऊज शिवायचं दुकान आहे आणि त्याला लागून संजीवनीचं कॉम्प्युटरचं. मध्ये प्लायवूडची एक पातळ फळी. तिकडे कोणी शिंकलं तर इकडे माझी सुई हलते. त्यामुळे तिच्या दुकानातलं सगळं मला ऐकू येतं, आणि जे ऐकू येत नाही ते मी उठून विचारून येते. मी भोचक आहे हे साऱ्या गावाला ठाऊक आहे, लपवून काय करू?

संजीवनी माळ्याच्या घरची. माहेरी भाजीचा मळा, सासरीही भाजीचा मळा. लग्न झाल्यापासून कितीतरी वर्षं ती सासूबरोबर, सोजराबाईंबरोबर, आठवडी बाजारात पाल मांडून बसायची. तिथला कायदा एकच, आजची भाजी आज. मेथी, पालक, सांभार म्हणजे आमची कोथिंबीर, यांच्यावर घडीघडी पाण्याचा शिपका मारायचा, गोणपाट ओलं ठेवायचं, आणि एवढं करून उरलीच तर उद्या गिऱ्हाईकाला दाखवायची नाही, गाईपुढे टाकायची. हा कायदा तिच्या हाडात मुरला आहे. पुढे चिखलीला जाऊन ती कॉम्प्युटर शिकली, दुकान टाकलं, पण कायदा सोबत घेऊनच आली.

दुकान बरं चालायचं. फोटो, झेरॉक्स, वाढदिवसाचे बॅनर. पण लग्नपत्रिका मात्र तिला कोणी देत नव्हतं. लग्न ठरलं की आमचं गाव खामगावची बस धरतं. ज्यांच्या घरची वांगी वर्षानुवर्षं हिच्या हातून गेली, तेच लोक पत्रिका म्हटलं की म्हणायचे, "पाहू बाप्पा, लग्नाचं काम हाय." मला त्यांचा असा राग यायचा की एकीच्या ब्लाऊजचा गळा मी मुद्दाम घट्ट ठेवला होता. संजीवनी रागवायची नाही. म्हणायची, "एक पत्रिका मिळू दे व. एक नीट झाली की गाव आपोआप येईन."

आणि त्या एका पत्रिकेची वाट पाहत असतानाच कॉम्प्युटर थकला. त्याच्यातली जुनी सिस्टम इतकी हळू झाली होती की सकाळी बटण दाबून संजीवनी माझ्याकडे यायची, चहा प्यायची, माझ्या सासूची चौकशी करायची, आणि परत जायची तोवर पडदा नुकता उजळलेला असायचा. त्या सिस्टमची दुरुस्ती कंपनीने बंद केली होती आणि नवी तिच्या कॉम्प्युटरला पेलत नव्हती. मग तिने आपल्या भाचीला, डिंपलला बोलावलं. डिंपल बुलढाण्याला कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते. एका रविवारी ती दोन पेनड्राइव्ह घेऊन बसने आली.

"मावशी, हे लिनक्स, दुसरी सिस्टम," ती म्हणाली. "फुकट असते, आणि तुया या म्हाताऱ्या मशीनवरही पळते. फक्त दोन प्रकार हायत, त्यातलं एक निवड." एका पेनड्राइव्हवर स्टेबल अशी चिठ्ठी होती, दुसऱ्यावर टेस्टिंग.

"फरक काय?"

"टेस्टिंगमधी नवं सामान येतच राह्यते. पुढच्या स्टेबलची तयारी तिथं चालते. कधीमधी काही बिघडते, मग दुरुस्तही होते. त्यातल्या चुका काढून काढून एक दिवस ते पक्कं केलं की त्याचं स्टेबल होते. मग त्यात नवं काही घालत नाहीत, फक्त दुरुस्त्या येतात. तू नवी हाय, तुयं दुकान यावर हाय. तू स्टेबल घे."

संजीवनीने स्टेबलचा पेनड्राइव्ह उचलला आणि अर्थातच अंगठ्याने दाबला. "हा माल कधीचा?"

"दीड-दोन वर्षांचा असंन."

फळीच्या या बाजूला मला हसू आवरेना, कारण पुढे काय येणार ते मला कळलं होतं.

"दोन वर्षांचा? कालची मेथी मी गाईले टाकते आन् तू मले दोन वर्षांचा माल देऊन राह्यली? सख्खी भाची ना व तू माही?"

डिंपलने परोपरीने समजावलं. पण पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी तिने टेस्टिंग बसवून दिलं आणि दुसरा पेनड्राइव्ह टेबलाच्या खणात टाकून म्हणाली, "हा राहू दे तुयापाशी. कामाच्या फायली दुसरीकडे ठेवत जा, एवढं तरी ऐक."

तेवढं मात्र संजीवनीने ऐकलं.

खरं सांगायचं तर पहिले दोन महिने मलाही वाटलं, हिचंच बरोबर. मशीन सुसाट पळत होतं. रोज सकाळी दुकान उघडलं की ती गणपतीपुढे उदबत्ती लावायची आणि मग सिस्टमला नवं सामान आलं का पाहून ते चढवायची. या कामाला तिने नाव दिलं होतं, पाणी मारणे. मी फळीवर टकटक करून विचारायची, "मारलं का पाणी?" ती म्हणायची, "मारलं. आज आवक लय मोठी हाय!" चित्रं करायच्या प्रोग्रामची तर सगळ्यात नवी आवृत्ती तिच्याकडे होती. त्यात रंगाला सोनेरी झाक द्यायची एक नवी सोय आली होती, आणि झाक दिल्याशिवाय ती साधा वाढदिवसाचा केकही सोडत नसे.

एप्रिलात ती पत्रिका आली. झुंबरबाई आमच्या गावातल्या मोठ्या जमीनदार घरच्या. आवाज असा की त्यांनी घरात सालदाराला हाक मारली तर बसस्टँडवरचा माणूस वळून पाहतो. त्यांचा नातू शिवम, त्याचं लग्न मेमध्ये ठरलेलं. झुंबरबाई स्वतः दुकानात आल्या आणि म्हणाल्या, "सोजरानं मले आजवर किडकं वांगं देल्लं नाई. तिच्या सुनेले एक बार पाहू म्हनलं." त्या गेल्यावर संजीवनी माझ्याकडे आली, शिलाई मशीनच्या पाटावर बसली आणि पदराने डोळे पुसून म्हणाली, "योगिनी, हे बिघडलं ना, तं गाव मले पुन्हा इचारनार नाई." मी म्हटलं, बिघडायला काय झालं? माझ्या जिभेला काय म्हणावं!

तिने पत्रिका अशी केली की पाहत राहावं. वर गणपती, दोन्हीकडे मोर, आणि मोराच्या पिसाऱ्याला ती सोनेरी झाक. शिवमने मोबाइलवर पाहून होकार दिला. शुक्रवारी सकाळी झुंबरबाई येणार, पहिली पत्रिका घेऊन जीपने कुलदेवीला जाणार, ती देवीपुढे ठेवली की मगच बाकीच्या वाटायच्या, असं ठरलं.

शुक्रवारी दुकान उघडल्याबरोबर उदबत्तीचा वास आला आणि मी फळीवरून ओरडले, "आज राहू दे व पाणी! आधी छापून घे!"

"लग्नाचं काम शिळ्या मालावर करू काय?" ती म्हणाली, आणि मारलं पाणी.

थोड्या वेळाने तिकडचं गुणगुणणं थांबलं. मी उठून गेले. कॉम्प्युटर चालू होता, मोर पडद्यावर झळकत होते, प्रिंटरचा दिवा लागलेला होता, आणि पडद्यावर एकच ओळ येत होती की प्रिंटर सापडत नाही. संजीवनीने वायर काढून लावली, प्रिंटर दाबून पाहिला, गणपतीकडे पाहिलं. काही उपयोग नाही. आणि तेवढ्यात दारात झुंबरबाई.

"झाली काय व?"

संजीवनीचा चेहरा कागदासारखा पांढरा. दुसरी कोणी असती तर लाइट गेली, कागद संपला असं काहीतरी सांगून मोकळी झाली असती. मी तर तोंड उघडलंच होतं. पण ती सरळ म्हणाली, "आजी, प्रिंटर बंद पडला. माह्याच हातानं झालं. मले संध्याकाळपर्यंत वेळ द्या."

झुंबरबाई स्टुलावर बसल्या. "मी उनं उतरेपर्यंत बसते. मंग जीप खामगावले जाईन. लग्नाचं काम हाय बाप्पा."

संजीवनीने डिंपलला फोन लावला. डिंपल म्हणाली, "मावशी, आजच्या सामानात छपाईचं काहीतरी बिघडून आलं असंन. दुरुस्ती येईल, पण उद्या की चार दिवसांनी, ते मी सांगू शकत नाही. तुया हाताशी स्टेबल हाय, पण ते बसवलं तर आत्ताचं सगळं पुसल्या जाईन. तू ठरव." संजीवनीने फोन ठेवला. आत्ताचं पुसायचं आणि त्याच्या जागी दोन वर्षांपूर्वीचं ठेवायचं, हे तिच्याने होत नव्हतं. मला तिची इतकी दया आली की मीच देवीला नवस बोलले.

झुंबरबाईंना मात्र रिकामं बसवत नाही. त्या म्हणाल्या, "ते होईन तवा होईन. तुया सासूले सांगून ठेव, लग्नाले कांदा तिच्याच मळ्यातला घेईन. पन आत्ता काढलेला ओला नको हो. तो चार दिवसात सडते अन् मंडपात वास सुटते. पात सुकलेला, सावलीत वाळवलेला दे. जुना असला तं अजून चांगला."

"हाव आजी, ओला कांदा कोनी साठवते काय," संजीवनी सवयीने म्हणाली. आणि म्हणता म्हणता थांबली. माझ्याकडे पाहिलं, पडद्याकडे पाहिलं.

"काय झालं?" मी विचारलं.

"डिंपल मले कांदा देऊन राह्यली होती व," ती म्हणाली, "आन् मी त्याले मेथीसारखी पायत होती!"

तिने खण ओढला, पेनड्राइव्ह काढला, आणि या वेळी दाबून न पाहता लावला. सगळं पुसायचं का असं पडद्याने विचारलं तेव्हा ती आधी गणपतीकडे वळली. फायली दुसरीकडे होत्या, तरी वळली. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि तिने बटण दाबलं. मग आम्ही तिघी बसलो. मी झुंबरबाईंच्या ब्लाऊजचं माप घेऊन टाकलं, म्हटलं बाई आयत्या बसल्या आहेत तर सोडा कशाला. लाइट एकदाही गेली नाही, हे त्या दिवशीचं खरं नवल.

सिस्टम बसली. प्रिंटरने घरघर केली आणि चाचणीचं पान बाहेर टाकलं. मी टाळी वाजवली. पण संजीवनीने पत्रिकेची फाइल उघडली आणि पुन्हा खाली बसली. चित्रांचा प्रोग्रामही आता दोन वर्षांपूर्वीचा होता. त्याला सोनेरी झाक कळतच नव्हती. अक्षरं जागच्या जागी होती, गणपती होता, पण दोन्ही मोरांच्या जागी दोन काळे ठोकळे.

ती रडली नाही. ओठ आवळून तिने ठोकळे काढले, बाजूला साध्या आंब्याच्या पानांचं तोरण ओढलं, प्रत्येक नाव बोट ठेवून दोनदा वाचलं आणि एक पत्रिका छापली. दोन्ही हातांनी ती झुंबरबाईंपुढे धरली. "आजी, मोर गेले. शिवमले जे दाखवलं होतं ते हे नाई. तुम्ही खामगावले गेल्या तरी मी काही म्हननार नाई."

झुंबरबाईंनी चष्मा चढवला. पत्रिका आधी जवळून पाहिली, मग लांबून.

"तिन्ही आत्यांची नावं हायत?"

"हायत."

"लहान जावयाले मोठ्याच्या वर तं नाई टाकलं?"

"नाई."

"मंग मोर काय जेवाले येनार होते काय?" त्यांनी पिशवीतून करंडा काढला, पत्रिकेच्या चारी कोपऱ्यांना हळदकुंकू लावलं आणि उठल्या. "बाकीच्या छापून ठेव. अन् शिवमले मी सांगते, त्याले मोरापेक्षा बायकोकडे पाहाले सांगते." जीप देवीच्या वाटेला लागली तशी संजीवनी मला मिठी मारून इतकी हसली की तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि माझ्याही.

आता दुकानात स्टेबल आहे. त्याच्या दुरुस्त्या ती वेळच्या वेळी चढवते, पण काम हातावेगळं झाल्यावर, आधी नाही. टेस्टिंग सुटलं आहे असं मात्र समजू नका. गोविंदाने कुठून तरी एक मोडका लॅपटॉप आणून दिला, तो घरी चुलीजवळच्या फळीवर असतो आणि सकाळी चहा ठेवला की ती त्याला पाणी मारते. तो महिन्यातून एकदा तरी रुसतो. ती हसते आणि डिंपलला फोन करून काय बिघडलं ते सांगते. डिंपल म्हणते की असं सांगणाऱ्यांमुळेच पुढचं स्टेबल पक्कं होतं. हे ऐकल्यापासून तर तिची ऐट काही विचारूच नका.

शिवमच्या लग्नात आम्ही दोघी एकाच पंगतीला बसलो होतो. कांदा झकास होता. झुंबरबाई वाढणाऱ्यांच्या मागून फिरत होत्या, त्यांनी संजीवनीला पाहिलं आणि मुलीचं लग्न ठरलेल्या एका बाईला दंडाला धरून आमच्यापुढे आणलं.

"पत्रिकेले खामगावले काऊन जातं? इच्याकडे दे. इचा माल वाळलेला हाय!" त्या साऱ्या मंडपाला ऐकू जाईल अशा ओरडल्या.

त्या बाईला काही कळलं नाही, ती आमच्याकडे पाहतच राहिली. संजीवनीने पानातली बुंदी अंगठ्याने दाबून पाहिली, तोंडात टाकली, आणि म्हणाली, "सोमवारी या ताई. नावं मात्र पक्की करून आना."