आत्याची कानस

उद्यान खात्याच्या भांडारात माझी आत्या सव्वीस वर्षं होती. मी त्याच खात्यात ट्रक चालवतो. मी तिला आत्या म्हणतो, म्हणून हळूहळू मुकादमापासून माळ्यापर्यंत सगळ्यांचीच ती आत्या झाली. खुरपी, दोर, हातमोजे, तेलाचे डबे मागेल त्याला काढून द्यायचे आणि परत आलेलं पुसून जागेवर ठेवायचं, एवढंच तिचं काम.

पुसता पुसता तिच्या लक्षात आलं की झाडं कापायच्या चेनसॉच्या साखळ्या फार लवकर भंगारात जाताहेत. दात निम्म्याहून जास्त शिल्लक, तरी फेकलेल्या. तिनं मुकादमाला गाठलं. हा माणूस झाडावर खारीसारखा चढायचा, आणि खाली उतरला की कुणाचं ऐकायचा नाही.

"कापतच नाहीत, आत्या. हल्ली मालच बंडल येतो."

"धार कशानं लावता?"

त्यानं पेटीतून जवळजवळ पेन्सिलीएवढी जाड गोल कानस काढली. "सगळ्या मशीनना हीच. जाड आहे, टिकते."

आत्यानं ती बोटांत फिरवून पाहिली आणि परत दिली. पण नव्या मशीनच्या खोक्यात तळाशी पडलेलं माहितीपत्रक तिनं पिशवीत घातलं आणि घरी नेलं. कुठल्या साखळीला किती जाडीची कानस लागते, याचा त्यात तक्ताच होता. खात्याच्या मोठ्या मशीनना हवी होती चार पूर्णांक आठ दशांश मिलिमीटरची. मुकादमाची होती साडेपाचाची. ती दाताच्या पोटात नीट बसतच नव्हती, त्यामुळे दात नुसता घासला जायचा आणि धार बोथटच राहायची.

आतोबा शिंपीकाम करतात. आत्यानं तक्त्यातली कानस विकत आणली आणि त्यांच्याच मेजावर भंगारातली एक साखळी पकडीत आवळली.

"माझ्या कापडावर लोखंडाचा भुगा सांडलास तर बघ," ते म्हणाले, आणि तिरकं कापड कापताना आखतात तशा तीस अंशाच्या रेघा त्यांनीच खडूनं फळीवर मारून दिल्या. पहिल्या दातावर खूणही केली, म्हणजे फेरी कुठं सुरू झाली ते कळावं.

पहिल्या दोन साखळ्यांची तिनं वाट लावली. मग हाताला वळण लागलं. कानस पुढे ढकलताना कापते, मागे आणताना उचलायची. सगळ्यांत आखूड दात शोधायचा आणि बाकीचे त्याच्याएवढे करायचे. तिसरी साखळी तिनं मोठ्या हौसेनं मुकादमाला दिली. पण प्रत्येक दातापुढे एक छोटा उंचवटा असतो, दात लाकडात किती खोल शिरेल ते ठरवणारा. चपट्या कानशीनं तिनं तो जरा जास्तच खाली घेतला होता. मशीननं मुकादमाच्या हाताला असा हिसका दिला की तो तडक भांडारात आला.

"आत्या, तुम्ही आपली खुरपीच देत जा."

तिला ते फार लागलं. पण दुसऱ्याच दिवशी तिनं तो उंचवटा मोजायची छोटी पट्टी मागवून घेतली आणि पुन्हा बसली. महिनाभर रोज.

मग एका सकाळी सोसाट्याच्या वाऱ्यानं पाणीपुरवठ्याच्या पंपघरासमोरचं जुनं झाड आडवं झालं. बुंधा नेमका दारावर. खिडक्यांना गज, आत ऑपरेटर अडकलेला. वाऱ्यात खटका पडून पंप बंद, आणि तो खटका दाराबाहेरच्या पेटीत, बुंध्याआड. मुकादमानं दोन्ही मशीन लावली. धूर निघाला, पिठासारखा भुसा पडला आणि काप वाकडा जायला लागला. दीड तासात चार बोटंही खोल गेला नाही.

"पळ, नव्या साखळ्या घेऊन ये," त्यानं मला पिटाळलं.

भांडारात एकही नव्हती. आत्यानं कानशींची पेटी उचलली आणि ट्रकमध्ये चढली. "चल."

तिच्या हातात नुसती पेटी पाहून मुकादम वैतागला. "साखळ्या कुठायत?"

"आहे तीच मशीनवर राहू द्या. इंजिन बंद करा, ब्रेक लावा आणि इथं ठेवा."

त्याच्याही नाकी नऊ आले होते. ठेवलं त्यानं. आत्यानं हातमोजे चढवले आणि साखळी बोटानं फिरवून पाहिली. "एका बाजूचे दात आखूड, दुसरीकडचे लांब. म्हणून वाकडं जातंय." मग ती ट्रकच्या फाळक्यावर बसली. छत्तीस दात. अठरा एका बाजूनं, अठरा दुसऱ्या.

बघ्यांमधून कुणीतरी म्हणालं, "बाई दात घासायला बसल्या की!" हशा पिकला.

"तुम्ही दात काढणं थांबवा," आत्या मान वर न करता म्हणाली, "म्हणजे मला माझे मोजता येतील."

नंतर फक्त कानशीचा आवाज. सर्र, सर्र, एका लयीत. शेवटी पट्टी ठेवून चपटी कानस दोन-दोन वेळा फिरवली. अर्धा तास गेला. तिनं मशीन मुकादमाच्या हातात दिलं.

"दाबू नका. तिची ती जाईल."

आणि गेली. लोण्यात सुरी जावी तशी. भुसा नाही, लांब ढलप्या उडाल्या आणि मुकादमाच्या बुटांवर त्यांचा ढीग झाला. काप सुतासारखा सरळ. एका अंगानं, मग दुसऱ्या अंगानं. बारा मिनिटांत बुंध्याचा तुकडा सुटला आणि आम्ही सहाजणांनी तो ढकलून बाजूला केला. दार उघडलं. ऑपरेटर बाहेर डोकावला.

"आधी पंप लावू की घरी जाऊन येऊ?" त्यानं विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता पंप लावायला वळला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मघाशी हसलेला माणूस सगळ्यांत जोरात.

मुकादमानं हेल्मेट काढलं. मूठभर ढलप्या उचलून बघितल्या. "आत्या, हे माझ्या सगळ्या माणसांना शिकवा," तो म्हणाला. मग आवाज उतरवून, "आधी मला."

सोमवारपासून कार्यशाळेतलं खिडकीखालचं मेज आत्याचं झालं. भिंतीवर तक्ता, त्याखाली जाडीप्रमाणे टांगलेल्या कानशी. महिन्याभरानं साहेबांचं पत्र आलं: धार विभागाच्या प्रमुख. आतोबांनी ते मोठ्यानं दोनदा वाचलं, आणि शेजारीण आली तेव्हा तिसऱ्यांदा.

मुकादमाची पहिली साखळी मात्र पार बिघडली. आत्यानं ती उजेडात धरून दातन्‌दात पाहिला.

"हात चांगला आहे," ती म्हणाली. "घाई फार. बसा, पुन्हा दाखवते."

आणि तो बसला.