लोखंडात उकळू नोको

गाव सोडले त्या सकाळी बाबा मला बैलगाडीपर्यंत पोचवायला आले नाहीत. त्यांचे मडके चुलीवर होते. मडक्यात येनाच्या सालीचा काढा होता. पुस्तकात या झाडाला ऐन म्हणतात. त्या काढ्यात बुडवून वाळवलेले सुताचे जाळे पाण्यात लवकर सडत नाही. आम्ही झाडीपट्टीतल्या सावली गावचे ढिवर, म्हणजे मासेमार; आमचे पोट जाळ्यावर. मडके लहान आणि जाळे मोठे, म्हणून आई म्हणाली, "असं कवा होईन जी? लोखंडाची कढई देऊ का?"

"लोखंडात उकळू नोको!" बाबा ओरडले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तू बी ध्यानात ठेवजो."

गाडीवान हसला. "पोरगा नोकरीले जाऊन राह्यला, भाऊ. जाळं उकळाले नाई."

मूल गावापर्यंत बैलगाडी, पुढे छोट्या रुळांची रेल्वे, मग नागपूर. तेव्हा ते प्रांताच्या राजधानीचे शहर होते. एका दैनिकात आधी मुद्रितशोधक झालो, नंतर बातमीदार. तिथे दोन गोष्टी शिकवल्या गेल्या : वाक्य लहान ठेवायचे आणि त्यात आपण दिसायचे नाही. तिसरी कोणी शिकवली नाही, मीच शिकलो. 'मले' गिळून 'मला' म्हणायचे. घरी पानी पीत होतो, इथे पाणी पिऊ लागलो.

रसायन मंडळाची सभा महिन्यातून एकदा, दुपारी, कॉलेजच्या उतरत्या बाकांच्या वर्गात भरे. दूरच्या शहरांतून पाहुणे व्याख्याते येत. आमच्या कचेरीत ते काम कोणालाच नको असे, म्हणून माझ्याकडे आले. मी मॅट्रिक. फळ्यावरची सूत्रे मला कळत नसत, पण परीक्षानळीत काय झाले ते दिसे, आणि दिसे ते मी लिहून घेई.

एका सभेचा विषय होता टॅनिन, म्हणजे झाडांच्या सालीतले तुरट द्रव्य. पाहुण्यांनी सालीच्या काढ्यात लोहक्षाराचे थेंब टाकले. काढा शाईसारखा काळा झाला. टाळ्या पडल्या. मग ते म्हणाले की, ढिवरांनी मडकी सोडून लोखंडी पिपात जाळी उकळावीत. जळण वाचेल, आणि हा काळा रंग जाळ्याला जास्त टिकवील. "खेड्यातल्या लोकांना हे कोणीतरी समजावून सांगायला हवे."

बातमीदाराने सभेत उभे राहायचे नसते. मी उभा राहिलो.

"मले एक सांगायचं हाय. लोखंडात नाई उकळत. जाळं सडते."

हशा पिकला तो जाळ्यावर नव्हे, 'मले'वर. मंडळाचे कार्यवाह म्हणाले, "झाडीपट्टीतून आलात वाटतं? बसा, चहा येतोच आहे." पाहुणे मात्र हसले नाहीत. त्यांनी एकच शब्द विचारला, "पुरावा?" प्रश्न रास्त होता. माझ्याजवळ बाबांचे वाक्य होते, हातात काही नव्हते. मी बसलो.

बातमीत मी पाहुण्यांचा सल्ला लिहिला आणि खाली त्यावर घेतलेली हरकतही लिहिली. संपादकांनी हरकत खोडली. "बातमीदार बातमीत नसतो." सल्ला तेवढा छापून आला.

आमचे दैनिक सावलीच्या शाळेत दोन दिवसांनी पोचे आणि गुरुजी ते मोठ्याने वाचून दाखवत. मी घाईने कार्ड टाकले : छापले आहे तसे करू नका, इथे पुरावा मागतात, माझ्याजवळ नाही. उत्तर आले ते गुरुजींच्या अक्षरात, बाबांच्या बोलीत. "पेपर तुया, लिवनं तुयं, अन् आता तूच म्हनतं करू नोका? मी तं नाई केलो. पन किसनकाकानं पिपा आनला. पोरानं पेपरात लिवलं, खोटं कसं राहीन म्हने."

काकाचे मोठे जाळे ते एकच होते. पुढच्या पावसाळ्यात ते नदीतच फाटले. बाबांनी फडक्यात बांधून दोन तुकडे पाठवले, एक काळा आणि एक तांबूस. सोबत चिठ्ठी होती : "पुरावा मांगते ना? हा घे."

मी कार्यवाहांकडे गेलो. ते म्हणाले, "आमच्याकडे पदवीधर बोलतात."

"मी व्याख्यान देत नाही, दुरुस्ती देतो आहे. चूक माझ्या हाताने छापली गेली."

पुढच्या सभेत दहा मिनिटे मिळाली. मी सांगितले, सूत एकच, साल एकच, नदी एकच. तांबूस तुकडा मडक्यातला, काळा पिपातला. ओढून बघा. कार्यवाहांनी काळा तुकडा ओढला. ओल्या कागदासारखा तो त्यांच्या बोटांत सुटला. तांबूस तुकडा दोघांनी दोन बाजूंनी ताणला, तरी तुटला नाही. पहिल्या बाकावरचे वृद्ध प्राध्यापक उठले. लोह आणि टॅनिन एकत्र आले की सुताचा धागा हळूहळू खाल्ला जातो, ते म्हणाले. जुन्या शाईने कागदाला भोके पडतात, तसेच हे. "आपण त्याच दिवशी ओळखायला हवे होते."

कार्यवाहांनी सभेच्या इतिवृत्तात लिहिलेले वाक्य वाचून दाखवले : "जाळी लोखंडात उकळू नयेत, अशी झाडीपट्टीत समजूत आहे."

मी पुन्हा उभा राहिलो. "समजूत नाई. निरीक्षण लिहा. अन् कोनाचं, ते बी लिहा."

"नावाची काय गरज?"

"पाहुण्याचं लिवलं ना?"

मागे कोणीतरी हसले. मी ते हसणे संपू दिले आणि तेच वाक्य त्याच बोलीत पुन्हा म्हटले. कार्यवाहांनी 'समजूत' खोडली, वर 'निरीक्षण' लिहिले, पुढे बाबांचे नाव घातले : सीताराम, सावली. तोवर मी बसलो नाही.

या वेळी बातमी छापली गेली, बाबांच्या वाक्यासह. संपादकांनी त्यातला 'नोको' सुधारून 'नको' केला होता. मी छापखान्यात जाऊन तो परत 'नोको' केला. मुद्रितशोधकाचे काम मला येत होते.

तेवढ्याने काकाचे जाळे परत आले नाही. मी सूत पाठवले. काकाने ते ठेवून घेतले आणि निरोप धाडला : "आता पेपराले नाई, तुया बापाले इचारून उकळतो."

आज सावलीत जाळी नायलॉनची आहेत. साल कोणी काढत नाही, मडके कोणी चढवत नाही. नायलॉन सडत नाही, हे चांगलेच झाले. मी त्यासाठी उसासे टाकणार नाही. जे गावात राहिले त्यांनी एवढे माहीत असू द्यावे, की नागपुरात एका वहीत तुमचे म्हणणे आहे आणि ते समजूत म्हणून नाही. जे माझ्यासारखे निघून आले त्यांनी टॅनिनला टॅनिन म्हणायला जरूर शिकावे. मीही शिकलो.

घर कुठे, असे विचारले की मी सावली म्हणतो. चूल मोडली, बाबा गेले, तरी सावलीच म्हणतो. सभेत बोलायचे झाले तर माझा पहिला शब्द अजून 'मले' असतो. हसणारे हसतात. मी थांबतो. मग पुढचे सांगतो.