निकाल आधी गावाला

कुंदाताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी वर्ध्याच्या बसस्थानकावर समुद्रपूरच्या गाडीची वाट पाहत उभी होते. त्यांचा धाकटा भाऊ बोलत होता. "ताई गेली हो... सकाळी चहा घेतला, जरा पडते म्हणाली, अन् गेली." गाडी आली, भरली, निघूनही गेली. मी बाकावर बसून राहिले. या गोष्टीला आता काही आठवडे झाले. आज लिहायला बसले आहे ते रडण्यासाठी नाही, त्यांचे आभार मानायचे राहून गेले म्हणून.

आमच्या अध्यापक विद्यालयात त्या मराठी शिकवायच्या. मी आधी त्यांची विद्यार्थिनी, मग सहकारी. निवृत्ती जवळ आली असताना त्यांनी एक संशोधन प्रकल्प हाती घेतला. पहिली-दुसरीच्या मुलांना वर्गात घरच्या वऱ्हाडीत मोकळं बोलू द्यायचं, त्यांनी सांगितलेल्या गोष्टी मोठ्या कागदावर लिहायच्या, त्याच त्यांना वाचायला द्यायच्या आणि मग हळूहळू पाठ्यपुस्तकाकडे न्यायचं. बहुतेक शाळांत मुलं आनंदानं वाचू लागली. अहवाल तयार झाला. आता तो शहरातल्या परिषदेत मांडायचा, एवढंच आम्हा तरुण मंडळींच्या डोक्यात होतं. कुंदाताई म्हणाल्या, "आधी गावाला सांगू. पोरं त्यांची आहेत."

पहिली सभा केळझरच्या बाजूच्या एका गावात, शाळेच्या ओसरीवर झाली. ताई सांगत असतानाच किराणा दुकानदार प्रमोदभाऊ उठून उभे राहिले. "मॅडम, घरी वऱ्हाडी, शाळेतबी वऱ्हाडी, तं पोरायले शाळेत काऊन पाठवाव आम्ही? तुमची लेकरं शुद्ध बोलणार, अन् आमची इथंच राह्यणार?" मला वाटलं, संपलं आता. ताई मात्र शांतपणे म्हणाल्या, "भाऊ, तुमची भीती खरी आहे. तुमची पोरगी कोणती?" दुसरीतली स्वाती पुढे आली. तिनं आधी भिंतीवरची स्वतःची गोष्ट वाचली. दुकानातल्या गुळाला लागलेल्या मुंग्यांची. लोक हसले. मग ताईंनी पाठ्यपुस्तकातलं न शिकवलेलं एक पान काढून दिलं. दोन ठिकाणी अडखळत, पण स्वातीनं तेही वाचलं, अगदी पुस्तकी मराठीत. प्रमोदभाऊ खाली बसले. म्हणाले, "घरी तं हे पोरगी तोंड उघडत नाई... मी पह्यल्यांदाच ऐकून राह्यलो." पुढच्या आठवड्यात मुलांच्या गोष्टींचे कागद त्यांच्या दुकानात टांगलेले दिसले. तेल-साखर घ्यायला आलेली माणसं ते वाचायची, आणि हे काय म्हणून विचारायची. प्रमोदभाऊ आमच्यापेक्षा सोप्या भाषेत सांगायचे.

समुद्रपूर तालुक्यातल्या एका गावात मात्र आमची पद्धत जमली नव्हती. ताई तिथंही गेल्या. एक आजी हसून म्हणाली, "आमची शाळा नापास झाली, हे सांगाले इतक्या दूर आल्या का बाई?" ताई म्हणाल्या, "शाळा नाई आजी, आम्ही नापास झालो. तुमच्या पोरायचं वर्ष आम्ही घेतलं, म्हणून सांगाले आलो." त्या दिवशी आम्हाला जेवल्याशिवाय कोणी निघू दिलं नाही. जेवताना मुलांच्या आयांनी सांगितलं, की कापूस वेचायच्या दिवसांत मुलं त्यांच्यासोबत शेतावर असतात आणि आमच्या गोष्टींचे तास नेमके त्याच दिवसांत होते. दुसऱ्या वर्षी ताईंनी तास पावसाळ्यात घेतले. त्या गावची मुलंही वाचू लागली.

परिषद मात्र त्याआधीच झाली. संयोजकांनी सुचवलं होतं, "ते न जमलेल्या गावाचं पान गाळा, छाप चांगली पडेल." ताईंनी सुरुवातच त्या पानानं केली. टाळ्या बेताच्या पडल्या. पण नंतर चहाच्या वेळी दुसऱ्या जिल्ह्यांतले शिक्षक त्यांच्याभोवती जमले, ते त्याच गावाबद्दल विचारत होते. आज त्यांतल्या काहींच्या शाळांत मुलं घरच्या बोलीत गोष्टी सांगतात, त्यांचे फोटो अजून माझ्याकडे येतात. ते ताईंना दाखवायचे होते...

गेल्या आठवड्यात मी वाचनाच्याच एका नव्या कामाचे निकाल सांगायला हिंगणघाटजवळच्या गावात गेले होते. एकटीच, पहिल्यांदा. सभा संपल्यावर सतरंजीची घडी घालू लागले. ही ताईंची सवय. सतरंजी त्या कधी शिपायाला उचलू द्यायच्या नाहीत. "सभेत लोक मान डोलावतात ग," म्हणायच्या, "खरं विचारतात ते सतरंजी झटकताना." मी एक टोक धरलं, तर समोरचं टोक एका तरुण आईनं उचललं. सभेत ती एक शब्द बोलली नव्हती. इकडेतिकडे पाहून हळूच म्हणाली, "मॅडम, खरं सांगा... माही पोरगी बोलाले अडखळते. तिले जमन का वाचाले?"

आम्ही सतरंजी पुन्हा पसरली, आणि दोघी बसलो.