भावोजींनी भरलेला खांब

माझ्या अहल्याअक्काच्या नवऱ्याला मी पहिल्या दिवशीच ओळखलं होतं. मुलगी बघायला तो आमच्या चिकपेटच्या घरी आला, उप्पिटातले काजू तेवढे वेचून खाल्ले आणि बाकीची बशी तशीच पुढं सरकवली. आप्पाजींनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, विचारलं, "काम काय करता?"

"काँक्रीट लाइनमध्ये आहे," तो म्हणाला. "सगळं स्टील माझ्या हाताखाली असतं."

आप्पाजी चिकपेटात एका हार्डवेअरच्या दुकानात आयुष्यभर बिजागऱ्या विकत बसलेले. स्टील हाताखाली असणारा माणूस म्हणजे त्यांना कारखान्याचा मॅनेजरच वाटला. शिवाय नाव व्यंकोजी लाड, आणि आपले पूर्वज शहाजीराजांच्या फौजेबरोबर बंगळुरात आले, असं त्यानं पहिल्या पाच मिनिटांत दोनदा सांगितलं. त्या पूर्वजानं फौजेत नेमकं काय केलं ते कुणी विचारलं नाही. लग्न झालं.

तोंडावर मी त्याला भावोजीच म्हणत आले, अक्काला वाईट वाटू नये म्हणून. इथं तो नुसता तो.

स्टील त्याच्या हाताखाली खरंच असायचं, हे मला सुखदाच्या जन्माच्या दिवशी कळलं. अक्काला कळा सुरू झाल्या आणि आईनं मला त्याला बोलवायला हेब्बाळला पाठवलं. तेव्हा हेब्बाळ म्हणजे गावाबाहेर. तळ्याच्या पलीकडं विजेचे सिमेंटचे खांब बनवायचं एक यार्ड होतं. पत्र्याचे लांबच लांब साचे ओळीनं मांडलेले, काळ्या तेलानं माखलेले. उन्हात यल्लव्वा नावाची बाई सळयांना रिंगा बांधत बसली होती. चार लांब सळया, त्यांना थोड्या थोड्या अंतरावर चौकोनी रिंगा, प्रत्येक गाठ तारेनं पिळलेली. असा सांगाडा तयार झाला की तो साच्यात ठेवायचा. हे ठेवणं म्हणजे आमच्या भावोजींचं काम.

ठेवायचा म्हणजे नुसता टाकायचा नाही. सांगाडा साच्याच्या पत्र्याला कुठंही टेकता कामा नये. खाली आणि दोन्ही बाजूंना सिमेंटच्या छोट्या वड्या लावून तो मधोमध बसवायचा, म्हणजे वरून ओतलेला माल चहूबाजूंनी सळयांना झाकतो. काम हलकं नाही की कमीपणाचंही नाही. कुणीही मन लावून शिकावं असं आहे. फक्त प्रत्येक साच्यापाशी चार-सहा वेळा वाकावं लागतं, आणि इस्त्रीचा शर्ट घालून आलेल्या व्यंकोजी लाडांना वाकायचं नव्हतं.

"अक्काला दवाखान्यात नेलंय, लवकर चला," मी म्हणाले.

"स्वल्प थांब," तो म्हणाला. "आलीच आहेस तर बघून घे, आमच्याकडं काम कसं चालतं ते."

बायको तिकडं कळा देतेय आणि हा मला यार्ड दाखवतोय. त्यानं एका गड्याला हाक मारली, दोघांनी सांगाडा उचलला आणि धाडकन साच्यात सोडला. तो एका अंगाला कलला, तर यानं बुटानं ढकलून आत बसवला. यल्लव्वा मान वर करून म्हणाली, "अण्णा, वड्या लावल्या न्हाईत की."

"आत काय आहे ते कोण बघतंय गं?" तो हसला आणि माझ्याकडं बघून डोळे मिचकावले. जसं काही मला त्याचं कौतुकच वाटणार होतं.

यल्लव्वा उठली, ओंजळभर वड्या घेतल्या आणि साच्यात वाकून स्वतःच लावायला लागली. ते बघून तो म्हणाला, "असं असतं बघ. खालच्या माणसांना शिकवावं लागतं."

तो दवाखान्यात पोचला तेव्हा सुखदाचं रडणंसुद्धा थांबलं होतं.

पुढं एकदा वीज खात्याचे कुणी साहेब यार्डात आले. त्यांनी एका खांबावरून हात फिरवला तर एका बाजूनं सळई सिमेंटच्या कातडीखालून नुसती दिसत होती. असले आणखी काही निघाले. मालक भडकला. व्यंकोजीनं क्षणाचाही विचार न करता यल्लव्वाकडं बोट दाखवलं. "हिच्या रिंगा वाकड्या असतात, साहेब. सांगाडा बसणार कसा?" ती लांब सीमाभागातून आलेली एकटी बाई, तिच्या बाजूनं बोलणार कोण? त्याच दिवशी तिला काढलं. हे सगळं तो आमच्या घरी दिवाळीच्या फराळाला बसून सांगत होता, चकलीचा तुकडा मोडत, मोठी लढाई जिंकल्यासारखं. अक्का ताटात वाढता वाढता थांबली. पण बोलली नाही. तेव्हा ती बोलत नसे.

यल्लव्वा गेली आणि वड्या लावणारं कुणी राहिलं नाही. सळया कातडीखालून दिसल्या तर वर पातळ सिमेंटचा हात फिरवायचा, एवढी अक्कल मात्र व्यंकोजीला सुचली. अशी अक्कल त्याला नेहमीच सुचायची.

तोवर त्यानं जागा घेऊन घर बांधलं होतं. सांगताना "जे. पी. नगर" म्हणायचा. खरं तर जे. पी. नगर संपून नीलगिरीची झाडं लागायची, तीही संपायची, मग कुठं ते घर यायचं. रस्ता कच्चा, विजेच्या खांबांचा पत्ता नाही. एका घरातून वायर ओढून सात घरं चालायची. शेवटी पंच्याण्णवच्या उन्हाळ्यात खांब मंजूर झाले. गल्लीतल्या बायकांनी, विशेषतः पुण्याहून आलेल्या नीलिमानं, कचेरीत खेटे घालून ते मंजूर करून घेतले होते. पण खांब उभे राहायच्या दिवशी पुढारी झाला व्यंकोजी. झेंडूचा हार काय, नारळ काय. त्याच्या फाटकासमोरच पहिला खांब उभा राहिला आणि यानं भाषण सुरू केलं. "या लाइनमध्ये माझं आयुष्य गेलं. खांब कसा असावा हे मला विचारा..."

बोलता बोलता हार घालायला तो पुढं झाला आणि थांबला. खांब ओला असतानाच त्यावर यार्डाचं नाव आणि तारीख कोरायची पद्धत असते. मी त्याच्या मागंच उभी होते, अक्षरं मलाही दिसली. हेब्बाळचंच यार्ड. तारीख दिवाळीनंतरची, यल्लव्वाला काढल्यानंतरची. व्यंकोजीचं तोंड पांढरं पडलं. त्यानं हार लांबूनच फेकला, तो अर्धा खांबावर आणि अर्धा खाली पडला. नारळ त्यानं नीलिमाच्या हातात दिला आणि म्हणाला, "तुम्ही फोडा, मान तुमचा." सगळ्यांना वाटलं, काय मोठ्या मनाचा माणूस!

मला तेव्हा काही उमगलं नव्हतं, खोटं कशाला बोलू. पण नंतर एकेक गोष्टी दिसायला लागल्या. त्यानं पलंग रस्त्याकडच्या खोलीतून मागच्या खोलीत नेला. वारा सुटला की अंगणात पाऊल टाकायचा नाही. कामावर जाताना फाटकातून निघून खांबाला वळसा घालून पलीकडच्या कडेनं जायचा, चिखल असला तरी. अक्कानं खांबाला कपड्यांची दोरी बांधली तर दुपारी येऊन कापून टाकली. आणि गल्लीतली बाकी माणसं? त्यांनी त्या खांबाच्या बुडाशी दगडी फरशा टाकून कट्टा केला होता. संध्याकाळी बायका तिथं बसायच्या, पोरं खांबाला धरून गोल गोल फिरायची. नीलिमा तर पाठ टेकूनच बसायची. त्यांना तो एक शब्द बोलला नाही. हसून "काय, गप्पा का?" म्हणायचा आणि लांबून निघून जायचा.

एक पावसाळा गेला, दुसरा आला. गौरीच्या सणाला मी अक्काकडं गेले होते. सुखदा पोरांबरोबर खांबाभोवती खेळत होती. व्यंकोजी बाहेर आला, तिचा दंड धरून तिला ओढत आत आणलं आणि थोबाडीत मारली. पोरीवर हात उचलायची त्याची ती पहिलीच वेळ.

अक्का स्वयंपाकघरातून आली. "कशाला मारलंत?"

"विजेचा खांब आहे तो. खेळायची जागा आहे का?"

"मग बाकीची पोरं? ती अजून तिथंच आहेत."

"त्यांचं त्यांचे आईबाप बघतील."

अक्का त्याच्याकडं बघत राहिली. मग दारात जाऊन तिनं खांबाकडं बघितलं. दोन पावसाळ्यांत एका बाजूनं वरून खालपर्यंत तांबूस ओघळ उतरला होता. ती परत आली आणि अगदी हळू विचारलं, "तो तुम्ही भरलाय?"

तो शर्टाची बाही सरळ करायला लागला.

"मी विचारतेय काहीतरी."

"सगळेच तसे नाहीत," तो म्हणाला. "घाई होती त्या वेळी. मालक पाठीमागं लागलेला. सळया जरा एका अंगाला गेल्या असतील. मी एकटा काय काय बघू?"

"दीड वर्ष झालं खांब उभा राहून. दीड वर्ष तुम्हाला माहीत आहे."

"नोकरी जाईल माझी, अहल्या. जरा समजून घे. आपण असं करू, दुसरीकडं जागा बघू. हे घर भाड्यानं देऊन टाकू."

"कुणाला?" अक्का म्हणाली.

याला तो प्रश्नच कळला नाही. "मिळेल की कुणीतरी," म्हणाला.

त्या रात्री तो नेहमीसारखा जेवला, भातावर दोनदा सार मागितलं. सकाळी अक्का उठली, केस बांधले आणि फाटक उघडायला निघाली. तेव्हा त्याला समजलं ती काय करणार आहे. तिच्या मागं धावला. "अहल्या, माझी अब्रू आहे गं चार लोकांत!"

"सरी, ठीक आहे," अक्का म्हणाली, "मग या बरोबर. तुम्हीच सांगा."

तो न्हाणीघरात शिरला, कडी लावली आणि नळ सोडला. बाहेर कट्ट्यापाशी अक्कानं एकेका घरातल्या बाईला हाक मारून बोलावलं आणि आधी मराठीत, मग कानडीत सांगितलं, "हा खांब माझ्या नवऱ्यानं भरलाय. आतल्या सळया नीट बसवलेल्या नाहीत. तो माझ्या मुलीला याच्याजवळ जाऊ देत नाही, तुमच्या मुलांना जाऊ देतो." बायका ऐकत होत्या आणि आतून पाणी वाहिल्याचा आवाज येत होता. बादली केव्हाच भरून वाहत असणार.

नीलिमा कट्ट्यावरून उठून बाजूला झाली होती. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाली, "चला, डायरेक्ट ऑफिसलाच जाऊ. सगळ्याच जाऊ."

कचेरीतल्या साहेबांना आधी हसू आलं. बायको नवऱ्याची तक्रार घेऊन आलीय, घरातलं भांडण असेल, असं त्यांना वाटलं. पण एवढ्या बायका हलेचनात, तेव्हा त्यांनी माणूस पाठवला. त्या माणसानं ओघळाच्या बाजूनं छिन्नीचे दोन ठोके मारले, तर पापुद्र्यासारखं सिमेंट निघून आलं आणि गंजलेली सळई उघडी पडली. दुसऱ्या बाजूनं खोदत गेला, तर बरंच आत जाऊनही लोखंड लागेना. त्यानं टोपी काढून घाम पुसला आणि बायकांना लांब व्हायला सांगितलं.

नवा खांब शेजारी उभा राहिला, तारा त्याच्यावर गेल्या, मग जुन्याला दोर बांधून ओढायला सुरुवात झाली. गड्यांनी जोर लावायच्या आतच तो कमरेएवढ्या उंचीवर कडकन मोडला आणि कट्ट्यावर आडवा झाला. दगडी फरशांचे तुकडे उडाले. मोडलेल्या तोंडात चारही सळया एका कोपऱ्यात गोळा होऊन पडलेल्या दिसत होत्या. व्यंकोजी त्या दिवशी निपाणीला आजारी चुलत्याला बघायला म्हणून गेला होता. चुलत्याची तब्येत ठणठणीत होती.

त्याची नोकरी गेली असं कुणाला वाटेल, तर नाही. त्या दिवसांतले आणखी कितीतरी खांब मालकाला गुपचूप बदलून द्यावे लागले, आणि सगळं ठाऊक असलेला माणूस बाहेर सोडण्यापेक्षा आत बसवलेला बरा, असा त्यानं हिशेब केला असणार. व्यंकोजीला फाटकावर खुर्ची टाकून दिली. येणाऱ्या लॉऱ्यांना हात करायचा, जाणाऱ्यांना हात करायचा. आता वाकायला नको. तो लोकांना सांगायचा, "सुपरव्हिजनला घेतलं मला." पुढं आमच्या त्रिविक्रमच्या, म्हणजे चुलतभावाच्या लग्नात पंगतीला बसून त्यानं असंही सांगितलेलं मी कानांनी ऐकलं, की गल्लीतला एक धोक्याचा खांब त्यानंच ओळखला आणि पाठपुरावा करून काढायला लावला. शेजारचे पाहुणे माना डोलवत होते. अक्का कोसंबरी वाढत आली, त्याचं पान सोडून पुढच्याला वाढून तशीच पुढं गेली.

अठ्ठ्याण्णव साली येलहंकाच्या बाजूला आम्ही दोघी एका मुंजीला गेलो होतो. रस्त्याकडेला इमारत उभी राहत होती, आणि सळयांच्या ढिगापाशी रिंगा बांधत बसलेली बाई मला ओळखीची वाटली. यल्लव्वाच. केस पिकले होते. मी अक्काला सांगितलं, तर अक्का भरजरी साडी सावरत सरळ त्या वाळूच्या ढिगावरून तिच्यापाशी गेली. कोण, कुठली ते सांगितलं. खांबाचं सगळं सांगितलं. "तुमच्यावर त्यांनी खोटा आळ घातला," म्हणाली. "मी तेव्हा ऐकलं आणि गप्प राहिले."

यल्लव्वानं हातातली तार खाली ठेवली. रागावेल, रडेल असं मला वाटलं होतं. ती अक्काकडं वरपासून खालपर्यंत बघत राहिली, कीव केल्यासारखी.

"तुम्ही कशाला वाईट वाटून घेता, अक्का," ती म्हणाली. "माझं तिथलं काम सुटलं ते बरंच झालं. सारखं त्यांच्या मागं वाकून वाकून कंबर गेलती माझी." मग तिनं विचारलं, "घरात हायत काय अजून?"

"आहेत."

"काय करत्यात?"

"खुर्चीवर बसतात," अक्का म्हणाली.

यल्लव्वाला हसू आवरेना. पदर तोंडाला लावून ती हसली, आणि तिच्याबरोबर अक्काही हसायला लागली. लग्नाआधी हसायची तशी, खांदे हलवत. मुंजीचा मुहूर्त टळून गेला तरी आम्ही तिथंच सळयांवर बसलो होतो. यल्लव्वानं कुणाला तरी चहा आणायला सांगितला होता.