रतिलालभाऊंच्या एकशेचाळीस विहिरी

रतिलालभाऊ धुळ्याच्या एका कॉलेजात एकोणतीस वर्षं प्रयोगशाळेचे शिपाई होते. गेल्या उन्हाळ्यात एस.टी.ने, नाहीतर मोटारसायकलने हिंडून त्यांनी एकशेचाळीस विहिरींचं पाणी बाटल्यांत भरून आणलं. गावं जशी वाटेत लागली तसे बाटल्यांवर नंबर टाकले.

कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणाऱ्या मोनाली मॅडमनी पाणी तपासून आकडे संगणकात भरले. एका विहिरीची एक ओळ: तालुका, नंबर, नायट्रेट. मग ते क्रमाने लावून यादी छापली आणि झेरॉक्सला रतिलालभाऊंकडे दिली.

दुकानात गर्दी होती, म्हणून भाऊंनी यादी वाचली. एक नंबरला नायट्रेट सगळ्यांत कमी, दोनला जरा जास्त, असं चढत चढत एकशेचाळीसला सगळ्यांत जास्त. झेरॉक्स न काढताच ते परतले.

"मॅडम, नंबर मी माझ्या वाटेने टाकले. ते नायट्रेटला कोणी सांगितलं?"

"म्हणजे?"

"एकशेचाळीस म्हणजे सातपुड्यातला दिवालीबाईचा पाडा. तिथे खताची गोणी आजवर चढलेली नाही."

मॅडमनी संगणकाला दिलेली आज्ञा पडद्यावर पुन्हा वाचली. "प्रत्येक रकाना वेगळा लावला गेला, भाऊ. ओळी फुटल्या. एकीचं पाणी दुसरीच्या नावावर गेलं."

त्यांनी मूळ आकडे काढले आणि दुसरी आज्ञा दिली: ओळ अख्खी हलवायची, आधी तालुका बघायचा, तालुका तोच असेल तर जास्त नायट्रेट वर. पाड्याचं पाणी स्वच्छ निघालं. धरणगाव तालुक्यात सगळ्यांत वर त्रेसष्ट नंबर आला. ती विहीर भाऊंच्या थोरल्या बहिणीची, धुरपदाबाईंची. नायट्रेट मर्यादेच्या दुप्पट.

दुसऱ्या दिवशी भाऊंनी जाऊन त्याच विहिरीची आणखी एक बाटली आणली. आकडा तोच आला. मग ते बहिणीकडे गेले.

"मन्या इहिरनं पानी गोड शे," अक्का म्हणाल्या. "बठ्ठा गाव पेस."

"गोड आहे, अक्का, सगळा गाव पितो हेही खरं. पण लहान पोरांना बाधतं. उकळूनही नायट्रेट जात नाही. प्यायला नळाचंच पाणी बरं."

अक्का दोन महिने बोलल्या नाहीत. ग्रामपंचायतीचा रंगारी आला नाही, म्हणून 'पिण्यास अयोग्य' ही पाटी भाऊंनीच लाल रंगात लिहिली. अक्का ओट्यावरून बघत होत्या. पाटी सुकल्यावर त्यांनी चहा आणून ठेवला.

"नळना पानीना शे," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.